वर पांढरा, खाली तांबडा

रंगाच्या दुकानात गेलं, की हल्ली हातात एक जाडजूड पुस्तिका येते. तिच्यात नुसत्या पांढऱ्याच्याच इतक्या छटा असतात, की माणसानं गोंधळून जावं. घरातली मंडळी ती चाळतात. एकाचं बोट पांढऱ्यावर थांबतं, दुसऱ्याला विटकरी आवडतो, आणि वादाला तोंड फुटतं. खोली उजळ दिसावी की भरलेली? मोकळी वाटावी की उबदार?

आपल्या खेड्यापाड्यांतल्या जुन्या घरांत हा वाद होत नसे. याचा अर्थ तेव्हा रंग नव्हते असा नाही. हे दोन्ही रंग एकाच भिंतीवर नांदत होते. वर चुन्याचा पांढरा आणि खाली गेरूचा तांबडा पट्टा. दोघांची कामं ठरलेली होती आणि ती कामं करणारे हातही ठरलेले होते. आज या दोन रंगांची तुलना करू या. मात्र ती करताना डोळ्यांबरोबर हातांनाही विचारू या.

माझं बालपण घोडेगावात गेलं. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातलं, नेवासे तालुक्यातलं हे गाव. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना महामार्गावरच लागतं. शनिशिंगणापूरला जाणारे भाविक इथून वळतात, म्हणून त्यांना ते माहीत असतं. शेतकऱ्याला ते माहीत असतं जनावरांच्या बाजारामुळे, आणि अलीकडे कांद्याच्या लिलावामुळे. भोवताली सपाट रान, काळीभोर जमीन. अशा मुलखात घराची भिंत कशाची बांधायची, इथूनच रंगाचा इतिहास सुरू होतो.

काळी माती पिकाला सोन्यासारखी, पण भिंतीला कुचकामी. पावसात ती फुगते आणि उन्हात भेगाळते. म्हणून भिंतीसाठी माती आणली जाई ती गावठाणातली, पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेनं, शेणानं आणि पडक्या घरांच्या मातीनं फिकी झालेली. तिला म्हणत पांढरी. आपल्या जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग असतात. पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. काळी पोटाची सोय करी, पांढरी निवाऱ्याची. भिंतीला रंग द्यायच्या कितीतरी आधी, आपल्या माणसांनी गावाचीच वाटणी अशी दोन विरुद्ध रंगांत करून टाकली होती.

आता गंमत पाहा. भिंतीवर जो पांढराशुभ्र चुना लागे, तो बहुतेकदा याच काळ्या मातीच्या पोटातून निघे. शेतात नांगराला लागणाऱ्या आणि ओढ्याच्या काठानं उघड्या पडणाऱ्या चुनखडीच्या गाठी वेचायच्या, त्या भट्टीत भाजायच्या. सुमारे नऊशे अंश उष्णता मिळाली, की चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतलं, की तो रटरटून उकळतो आणि विरतो. हा विरलेला चुना भिंतीवर लागला, की हवेतला तोच वायू पुन्हा शोषून घेतो आणि परत दगडासारखा होतो. भिंतीवरचा चुना म्हणजे एका अर्थी भिंतीवर पुन्हा तयार झालेली चुनखडीच. महाराष्ट्रात चुना भाजण्याचं हे काम परंपरेनं लोणारी समाजानं केलं. बांधकामाचा चुना मळण्यासाठी गोल चराची दगडी घाणी असे आणि तिच्यात बैल जुंपलेला जड दगडी चाक फिरवत राही. नगरजवळचा निजामशाहीतला, सोळाव्या शतकातला फराहबाग आजही उभा आहे. त्याच्या भिंतींवर आणि कमानींवर चुन्याचंच काम आहे.

पण फराहबाग झाला सुलतानांचा. साध्या घराला चुना विकत घ्यावा लागे. तो वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी, केकताडाच्या वाखाच्या कुंच्यानं लागे. त्यात थोडं मीठ किंवा डिंक घालत, म्हणजे तो हाताला कमी सुटे. आणि चिमूटभर नीळ घालत, म्हणजे पिवळी झाक मरून पांढरा अधिक पांढरा दिसे. ही नीळही मोठा प्रवास करून आली. आधी ती झाडापासून होत असे. फ्रान्समध्ये १८२० च्या दशकाच्या अखेरीस कृत्रिम निळी पूड तयार करण्याची युक्ती सापडली आणि पुढे तीच धुण्यात आणि चुन्यातही पडू लागली. ज्या घराला चुनाही परवडत नसे, तिथे पांढऱ्या मातीचा पोतारा फिरे. तेही नसेल तर नुसती शेणमाती. भिंतीच्या पांढरेपणावरून घराची ऐपत कळे, असं म्हटलं तरी चालेल.

तांबडा रंग मात्र सगळ्यांचा होता. गेरू म्हणजे लोखंडाच्या गंजाचाच भाऊ, लोहाची माती. आपल्याकडे जुन्या काळापासून तीन तांबडे वापरात आहेत आणि तिघांची कुळं वेगळी आहेत. गेरू लोखंडाचा, शेंदूर शिशाचा आणि हिंगूळ पाऱ्याचा. शेंदूर देवाला आणि हिंगूळ पोळ्याला बैलाच्या शिंगांना, तोही सांभाळून. घराच्या भिंतीला आणि बैलाच्या अंगावरच्या ठिपक्यांना गेरू. लहान मुलं जिथे पाठ घासतात, बोटं लावतात आणि ती बोटं तोंडात घालतात, तिथे तिघांतला निरुपद्रवी तेवढाच निवडला गेला. यामागे कोणी रसायनशास्त्रज्ञ नव्हता. स्वस्ताई होती आणि पिढ्यांचा अनुभव होता.

आमच्या जिल्ह्याला हा तांबडा नवा नाही. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे इथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि तांबड्या अंगावर काळी नक्षी काढलेली मातीची भांडी मिळाली. ही भांडी तीन हजार वर्षांपूर्वीची. तेव्हापासून त्या साऱ्या संस्कृतीलाच ‘जोर्वे’ हे नाव पडलं. पुढे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते ५६ या काळात नेवाशालाही उत्खनन केलं. प्रवरेच्या काठच्या माणसांनी तांबडा रंग कधी सोडला नाही, असंच ही खापरं सांगतात. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही भिंतीवर आधी मातीचा लेप दिला, त्यावर पांढरा हात फिरवला आणि मग गेरू, पिवळी माती, काजळ असे जवळपासचे रंग वापरले. गडद निळा दगड तेवढा अफगाणिस्तानासारख्या दूरच्या मुलखातून आला. म्हणजे पांढऱ्या अस्तरावर तांबडा हे आपलं फार जुनं गणित आहे.

आता दोघांना समोरासमोर उभं करू.

उजेडाच्या बाबतीत पांढऱ्यापुढे तांबड्याचं काही चालत नाही. ताज्या चुन्याची भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला सुमारे चार पंचमांश भाग परत खोलीत टाकते. गेरूची भिंत एक पंचमांशही देत नाही. एकच झरोका असलेल्या माजघरात आणि कंदिलाच्या काळात हा फरक फार मोठा होता. चुना दिलेल्या रात्री तोच कंदील मोठा झाल्यासारखा वाटे. शिवाय पांढऱ्या भिंतीवर विंचू चटकन दिसतो, ढेकणाचा माग लागतो. चुना जात्याच तिखट असल्यानं किड्यामुंगीला आणि बुरशीला तो मानवत नाही.

पण खालच्या हातभर भिंतीवर पांढरा टिकणं शक्य नव्हतं. तिथे माणसं टेकून बसत. तिथे तेलकट डोकी लागत, पोरांचे पाय लागत. सारवणाचे शिंतोडे तिथेच उडत. चुन्याला हात लावला, की तो हाताला येतो आणि कपड्यांवर जातो. गेरू हे सगळं पोटात घालतो. डाग पडला तरी तो कळत नाही आणि कळला तरी ओल्या फडक्यानं पुन्हा एक हात दिला की झालं. त्याला कुंचा लागत नाही, शिडी लागत नाही, गवंडी लागत नाही.

आणि इथेच हातांचा प्रश्न येतो. चुना देणं हे वर्षाचं काम. त्याला बाहेरचा माणूस बोलावत किंवा घरातले पुरुष शिडीवर चढत. त्याची मजुरी ठरे. तो दिवस घरात लक्षात राही. गेरू आणि शेणाचं सारवण हे मात्र सतत चालणारं काम. सणाला तर हवंच, पण पाहुणे येणार, सुवेर फिटलं, पाऊस भिंतीला लागला, पोरानं काही सांडलं, की पुन्हा. ते काम बायकांचं. त्याची मजुरी नव्हती आणि त्याला कोणी कामही म्हणत नसे. माझ्या आईच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं शेणामातीनं कायम भेगाळलेली असत. रात्री ती त्यांना कोमट तेल लावी. खोलीतला पांढरा भाग घरधन्याच्या ऐपतीचा होता आणि तांबडा भाग घरधनिणीच्या कष्टाचा. दोन रंगांची सीमारेषा होती साधारण तिचा बसल्या जागेवरून हात पोचेल, तिथे.

चुन्याच्या पांढऱ्याचीही एक कठोर बाजू आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ च्या आरंभी पुण्यात पसरला. रँडच्या प्लेग समितीच्या काळात गोरे सोजीर घराघरांत शिरले. रोगी शोधायचे, सामान बाहेर काढायचं, घर जंतुनाशकानं धुवायचं आणि शेवटी भिंतींना चुना फासायचा, असा तो क्रम होता. देवघर, माजघर, बाळंतिणीची खोली, काही सुटलं नाही. त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पुढच्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत प्रयोग करून दाखवलं, की प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमार्फत पसरतो. म्हणजे ज्या भिंती सक्तीनं पांढऱ्या केल्या, त्या मुख्य गुन्हेगार नव्हत्याच. स्वच्छता चांगली, चुनाही चांगला. पण माझ्या खोलीचा रंग मला न विचारता कोणी ठरवला, तर तो रंग डोळ्यांत खुपतो.

स्वातंत्र्यानंतर पुन्हा एक फवारा घरात आला. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घराच्या आतल्या भिंतींवर डीडीटी मारलं जाऊ लागलं. डास भिंतीवर बसला की मरावा, अशी ती योजना. अडचण अशी झाली, की फवाऱ्याचे पांढरट ओघळ दिसले, की बायका भिंत पुन्हा सारवत आणि औषध मातीखाली जाई. त्यांना अडाणी म्हटलं गेलं. पण घर नीट ठेवण्याची जबाबदारी जिची, तिला ते ओघळ खटकणारच. भिंत सारवू नका, हे सांगण्याआधी ती सारवते कोण आणि का, हे विचारायला हवं होतं.

यानंतर बाजारातला रंग आला. मुंबईत १९४२ मध्ये चार मित्रांनी ‘एशियन पेंट्स’ सुरू केली. महायुद्धामुळे परदेशी रंग मिळेनासा झाला होता. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला कुंचलेवाला खट्याळ ‘गट्टू’ याच कंपनीचा. चुन्याच्या जागी डिस्टेंपर आला, मग तेलाचा रंग. आजच्या पांढऱ्या रंगात चुना नसतो, टायटॅनियम डायऑक्साइड असतो. त्याचा कारखाना उभारण्यासाठी त्रावणकोरमध्ये १९४६ साली कंपनी स्थापन झाली. समुद्रकाठच्या काळ्या वाळूतून तो पांढरा निघतो. पुन्हा काळ्यातूनच पांढरा!

पण दोन रंगांची ती जुनी विभागणी मात्र गेली नाही. कचेरी, शाळा, एसटी स्थानक, सरकारी दवाखाना आठवून पाहा. वर फिका डिस्टेंपर आणि खाली चार-पाच फुटांपर्यंत हिरवा, करडा नाहीतर चॉकलेटी तेलाचा रंग. गेरूच्या पट्ट्यानं नोकरी बदलली, एवढंच. अमेरिकेतही सान फ्रान्सिस्कोच्या हॅरी शर्मन नावाच्या शल्यचिकित्सकाला १९१४ मध्ये असाच प्रश्न पडला होता. पांढऱ्याशुभ्र शस्त्रक्रियागृहात त्याचे डोळे दिपत. त्यानं फरशी आणि भिंतीचा खालचा भाग पालकाच्या भाजीसारखा हिरवा करून घेतला. लाल रक्ताकडे पाहून थकलेल्या नजरेला तो हिरवा विसावा देई. उजेड हवाच, पण नजर टेकायलाही जागा हवी, हे त्यालाही कळलं.

तेलाच्या रंगानं एक धोका मात्र घरात आणला. चकचकीत पिवळे, तांबडे, हिरवे रंग करताना त्यांत शिशाची संयुगं घालत. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. भारतात घरगुती रंगांमधलं शिसं दशलक्ष भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम २०१६ मध्ये निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. गेरू आणि शेंदूर यांतला जो फरक आमच्या आज्यांना वापरातून ठाऊक होता, तो कायद्यात यायला एवढी वर्षं लागली. त्याआधीचा जुना तेलाचा रंग ज्यांच्या भिंतीवर आहे, त्यांनी तो कोरडा खरवडू नये. ती धूळ पोरांच्या पोटात जाऊ देऊ नये.

घोडेगावच्या परिसरात सिमेंटची घरं वाढली, त्याला मुळा धरणाचं पाणी कारण झालं. १९७० च्या दशकात कालवे आले, ऊस आला, कारखान्याचा पैसा आला. धाब्याची घरं उतरली, स्लॅब पडले, फरशी आली. जुन्या घरांबद्दल हळहळणारे लेख मी पुष्कळ वाचते. ती घरं उन्हाळ्यात गार असत, चुन्याची भिंत श्वास घेई, तेलाच्या रंगाखाली मात्र ओल कोंडून पोपडे धरतात, हे सगळं खरं आहे. पण फरशी आली त्या दिवशी माझी आई काय म्हणाली, ते मला जास्त खरं वाटतं. ती म्हणाली, “आता पाहुणे कधी का येईनात.” सारवण सुटलं होतं. पुढे गॅस आला, चुलीचा धूर गेला आणि स्वयंपाकघराची भिंत पांढरी ठेवणं पहिल्यांदा शक्य झालं. गेरूच्या पट्ट्याचं कौतुक करताना, तो पट्टा गेल्यानं कोणाची पाठ मोकळी झाली, हे विसरून चालणार नाही.

काळ कसा उलटा फिरतो पाहा. १२ जानेवारी २०२१ रोजी नितीन गडकरी यांच्या हस्ते खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचा ‘खादी प्राकृतिक पेंट’ बाजारात आला. तो शेणापासून करतात आणि तो पांढऱ्या रंगातही मिळतो. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात मी शेणाकडे आता वेगळ्या नजरेनं पाहते. जे फुकट होतं आणि बाईच्या हातानं भिंतीला लागत होतं, ते डब्यात भरून, किंमत लावून, भिंतीच्या वरच्या भागालाही लागू लागलं आहे. शेणाला दर मिळाला, ही चांगली गोष्ट. हाताला मात्र तेव्हा तो मिळाला नव्हता.

मध्यंतरी आमच्याकडेही एक खोली रंगवायची निघाली. आईची खोली. तिचं वय झालं आहे, नजर मंद झाली आहे. भावाला सगळं पांढरंशुभ्र हवं होतं, भाचीला एक भिंत गडद विटकरी. दोघांचंही म्हणणं मी ऐकून घेतलं आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानानं सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे खोली उजळ हवी. पण भिंत पांढरी, फरशी पांढरी, दाराची चौकटही पांढरी असेल, तर म्हाताऱ्या माणसाला भिंत कुठे संपते आणि फरशी कुठे सुरू होते, हे कळत नाही. पाऊल चुकतं, माणूस पडतो, आणि त्या वयात पडणं म्हणजे अंथरूण धरणं. म्हणून कडा गडद हव्यात.

आम्ही वर पांढरा दिला आणि खाली फरशीलगत वीतभर रुंदीचा गेरूच्या रंगाचा पट्टा ओढला. दाराची चौकट आणि विजेच्या बटणांची पाटीही तशीच तांबडी केली. रंग धुता येणारा घेतला, कारण आता ती भिंत पुसणार आहे भावाची सून, आणि तिलाही सकाळी नोकरीवर जायचं असतं. आईनं पट्ट्यावरून हात फिरवला आणि हाताला रंग आला नाही, याचं तिला नवल वाटलं.

तेव्हा पांढरा बरा की तांबडा, या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. आधी खोलीत किती उजेड येतो ते बघावं. मग तिथे कोण राहणार आहे आणि त्याची नजर कशी आहे ते बघावं. आणि शेवटी, पण न विसरता, ती भिंत स्वच्छ ठेवण्याचं काम कोणाच्या अंगावर पडणार आहे, ते बघावं. रंगाच्या पुस्तिकेत पहिल्या दोन प्रश्नांना थोडीफार उत्तरं सापडतील. तिसऱ्याचं उत्तर मात्र घरातच विचारावं लागतं. ते ज्या माणसाला विचारायचं, त्याच्या हातात ती पुस्तिका सगळ्यात आधी द्यावी.